कणांना लागलेली हळद

आमच्या कॉलेजातल्या नॅनो केंद्राचं उद्घाटन तीनदा झालं. एकदा खोलीला रंग दिला तेव्हा, एकदा दारावर पितळी पाटी बसली तेव्हा, आणि एकदा आत खरोखर एक यंत्र आलं तेव्हा. तिसऱ्या समारंभाला गर्दी सर्वांत कमी होती. फीत कापायला आलेल्यांपैकी एकालाही नॅनो म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नाही. एक पाहुणे त्याच नावाच्या छोट्या मोटारीबद्दल मनापासून बोलले. टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या.

मी तिथं रसायनशास्त्र शिकवते. कॉलेज चिखली आणि मोशीच्या मध्ये आहे. पूर्वी तिथं ज्वारी होती, आता पत्र्याच्या शेड आहेत. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून एक वर्कशॉप आहे. चाकणच्या कुठल्याशा कंपनीसाठी तिथं दिवसभर पॉवर प्रेसवर पत्र्याचे तुकडे ठोकले जातात. प्रेसचा दणका बसला की आमचा नाजूक डिजिटल तराजू दचकतो आणि त्याचे शेवटचे दोन आकडे नाचू लागतात. म्हणून वजन करायचं ते प्रेसवाले डबा खायला बसले की, नाहीतर गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीला. उच्च संशोधन शेजाऱ्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळून करायचं असतं, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात लिहिलेलं नाही.

केंद्रात संशोधन करणारी व्यक्ती एकच होती, माझी विद्यार्थिनी. मूळची धाराशिवकडची, वडील चाकणला कंपनीत, घर चिखलीत. आमच्याच कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायची. तासिका तत्त्व म्हणजे काम कायम आणि माणूस तात्पुरता. उरलेल्या वेळात पीएच.डी. तिच्या नोंदणीची मुदत आधीच वाढवून झाली होती. मार्चअखेर प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द, असं विद्यापीठानं स्पष्ट कळवलं होतं. आणि पुढच्या वर्षापासून पीएच.डी. नसलेल्यांना तासिका द्यायच्या नाहीत, असा ठराव संस्थेनं त्याच सुमारास मोठ्या अभिमानानं केला होता. तेव्हा तिचं काय पणाला लागलं होतं ते वेगळं सांगायला नको. डॉक्टर व्हायचं, नाहीतर घरी बसायचं.

विषय असा: कोबाल्ट फेराइटच्या नॅनो कणांची निर्मिती व चुंबकीय गुणधर्म, वैद्यकीय उपयोगाच्या दृष्टीने. नाव लांब असलं तरी कृती स्वयंपाकघरातली आहे. लोखंडाचा एक क्षार, कोबाल्टचा एक क्षार, दोन्ही पाण्यात विरघळवायचे, त्यात कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडायचा, तापवत ठेवायचं. खाली काळा गाळ बसतो. तो धुवायचा, धुवायचा आणि पुन्हा धुवायचा. मग लिंबात असतं ते आम्ल वापरून त्या कणांवर पातळसा लेप द्यायचा, म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत. पीएच.डी.मधला बराचसा काळ हा भांडी घासण्याचा काळ असतो. फरक एवढाच, की घासलेल्या भांड्यांबद्दल घरी कुणी शोधनिबंध मागत नाही.

या कणांचं वैद्यकातलं काम सांगायला सोपं आहे. कण शरीरात सोडायचे, बाहेरून चुंबकानं गाठीपाशी न्यायचे आणि झरझर उलटसुलट होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रानं तापवायचे, म्हणजे गाठ भाजून निघते. पण कोबाल्ट फेराइट मुळातच हट्टी जातीचं. एकदा चुंबक झालं की चुंबकत्व सोडायला तयार नाही. असे हट्टी कण रक्तात शिरले तर एकमेकांना धरून बसतील आणि रस्ता बंद करतील. म्हणून ते इतके बारीक करायचे की बाहेरचा चुंबक जवळ आला की चुंबक व्हावेत आणि तो गेला की सगळं विसरून जावेत. आलेखात हट्टी कणांचा पट्टा जाड दिसतो, विसराळू कणांची नुसती एक वळलेली रेघ. आमच्या संस्थेत जाड पट्टे भरपूर होते. विसराळू रेघ तेवढी हिच्या टेबलावर निघाली.

ती रेघ पहिल्यांदा निघाली तेव्हा अध्यक्षसाहेब केंद्र पाहायला आले होते. संस्थेचे हे संस्थापक अध्यक्ष पूर्वी भंगाराच्या धंद्यात होते, आणि ते स्वतःच ही गोष्ट अभिमानानं सांगत. मला त्यांच्यातली तेवढीच गोष्ट आवडायची.

‘मॅडम, किती उचलतो?’ त्यांनी बाटलीकडे बोट दाखवून मला विचारलं.

‘काय उचलतो?’

‘तुमचा चुंबक हो. माझ्या यार्डात क्रेनला चुंबक होता. अख्खी रिक्षा उचलायचा. ड्रायव्हर आत असता तर त्याच्यासकट.’

‘सर, हा उचलत नाही,’ माझी विद्यार्थिनी म्हणाली. ‘हा विसरतो.’

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मुलीला बरं नाही का, अशा नजरेनं. मी विसरण्याचं महत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे असून नसल्यासारखा. मग त्यात आपलं नाव कसं होणार?’

नाव होण्याचा रस्ता पुढं खंडेनवमीला सापडला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या पट्ट्यात यंत्रांना जेवढा मान मिळतो तेवढा माणसांना वर्षभरात मिळत नाही. लेथ पुसून लख्ख होतात, प्रेसला झेंडूची माळ पडते, फोर्कलिफ्टच्या कपाळी कुंकू लागतं. कॉलेज तरी मागं कसं राहील? आमच्याकडे ही पूजा प्रयोगशाळेतले एक शिपाईमामा करतात. मोशीच्या जुन्या घराण्यातले. कॉलेज उभं आहे ती जमीन त्यांच्या चुलत्याची होती. त्यामुळे इथल्या प्रत्येक यंत्राला पहिलं बोट आपलंच लागायचं, अशी त्यांची समजूत आहे आणि ती खोडायची कुणाची हिंमत नाही. त्या वर्षी त्यांनी तराजू, भट्टी, पंखा, आग विझवायचा लाल सिलिंडर, सगळ्यांना हळदकुंकू लावलं, आणि मी वेळेत बाजूला झाले नसते तर मलाही लावलं असतं.

नेमकी त्या दिवशी माझ्या विद्यार्थिनीची एक खेप लेपासाठी लावलेली होती. प्रयोगशाळेत सगळीकडे खाली चुंबक फिरवून वरची कांडी ढवळायची सोय असते. इथं ती चालत नाही, कारण माल स्वतःच चुंबक. तो सगळा कांडीला जाऊन मिठी मारतो. म्हणून आम्ही वर्कशॉपमधून एक लहान मोटर आणून स्टँडवर टांगली होती आणि तिला काचेचा दांडा जोडून वरून ढवळत होतो. वर मोटर, खाली उघडं चंचुपात्र, त्यात डांबरासारखं काळं पाणी. ती तिथून हलायला तयार नव्हती. पण अध्यक्षांचा निरोप आला, पूजेचा फोटो काढायचाय, सगळ्यांनी खाली या. फोटोत पेढे आणि संशोधक दोन्ही दिसले पाहिजेत. ती गेली, मीही गेले. आम्ही खाली दात दाखवत उभ्या होतो तेव्हा वर मामांची पूजा चालू होती.

परत आलो तर मोटरला माळ घातलेली आणि अंगावर हळदीची पाच बोटं.

‘मामा, हिलापण?’ तिनं विचारलं.

‘आवं ही तर फिरती हाय,’ मामा म्हणाले. ‘फिरती म्हंजे जित्ती. तिला पयला मान.’

माळ तिनं काढून ठेवली. हळद राहू दिली. पूजेची हळद पुसायची नसते. पुढच्या वर्षीच्या हळदीखाली ती आपोआप जाते.

ती खेप पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पेशींवरच्या चाचणीसाठी गेली. काचेच्या थाळीत जिवंत पेशी वाढवतात, त्यांत कण सोडतात आणि किती पेशी जगतात ते पाहतात. आधीच्या खेपांत मात्रा वाढली की पेशी मान टाकायच्या. कोबाल्ट हा काही सज्जन धातू नव्हे. यावेळी मात्र पेशी जगल्या. मात्रा वाढवली तरी जगल्या. दिवाळीच्या सुमारास अहवाल आला आणि माझी विद्यार्थिनी प्रयोगशाळेतल्या स्टुलावर अशी बसली, जणू तिला कुणी खाली ठेवलं होतं.

‘झालं मॅडम,’ ती म्हणाली. ‘आता फक्त लिहायचंय.’

अध्यक्षांना बातमी कळली. कर्करोगावर इलाज आपल्या कॉलेजात, एवढंच त्यातलं त्यांच्या कानापर्यंत पोचलं. पुढच्या आठवड्यात निगडीच्या बस स्थानकापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत फ्लेक्स लागले. प्रत्येकावर अध्यक्ष मोठे, पाहुणे मध्यम आणि माझी विद्यार्थिनी खालच्या कोपऱ्यात, साधारण नॅनो आकारात. प्रमुख पाहुणे चाकणचे एक उद्योगपती. मांडव ठरला, तारीख ठरली, शालीही आल्या.

समारंभाच्या आठ-दहा दिवस आधी ती मंचावर दाखवायची बाटली तयार करत होती. उरलेल्या मालात तिनं कॉस्टिकचे दोन थेंब टाकले. तेवढ्यानं कण पाण्यात छान तरंगतात. मग बाटलीच्या कडेला चुंबक धरला. काळे कण चुंबकाकडे सरकले, मधलं पाणी मोकळं झालं.

‘मॅडम,’ तिनं हाक मारली. घाबरली की तिची बोली वर येते. ‘मॅडम, पाणी लाल व्हायलंय.’

कोबाल्ट पाण्यात सुटलं की पाणी गुलाबी होतं. कणांतून कोबाल्ट झिरपत असेल तर औषध नव्हे, विषच झालं. तिनं आम्लाचा एक थेंब सोडला. पाणी पिवळं झालं. पुन्हा कॉस्टिक. लाल. पुन्हा आम्ल. पिवळं.

कोबाल्ट असले नखरे करत नाही. हे कोण करतं ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि साबणानं हळदीचा डाग धुऊन लाल करून ठेवणाऱ्या प्रत्येक बाईला. तिनं मान वर केली. मोटरच्या अंगावर पाच बोटं अजून होती, पण वाळून त्यांचे पोपडे उडाले होते. खंडेनवमीला मोटर दिवसभर थरथरत होती, आणि खाली पात्र उघडं होतं. काळ्या पाण्यात पडलेलं पिवळं कोण बघणार?

‘पेशी हळदीनं जगल्या,’ ती म्हणाली.

‘किंवा हळदीनंही नाही,’ मी म्हणाले. ‘किंवा त्या पुडीत हळदीबरोबर आणखी जे काही होतं त्यानं. किती पडली, केव्हा पडली, कुठली होती, काही माहीत नाही.’

‘परत करायला वेळ नाही.’

‘नाही.’ चाचणीची पुढची पाळी मिळायची ती मेनंतर. आणि मार्च तर मार्चमध्येच येतो.

मामांना विचारलं तेव्हा ते दुखावले. ‘मंग काय बिगरहळदीची पूजा करू व्हय? इतकी वर्सं करतोय आमी.’ मग जरा विचार करून म्हणाले, ‘पर पेशी जगल्या न्हवं? मंग कुनामुळं जगल्या म्हनायच्या?’ या प्रश्नातून त्यांना स्वतःला जे उत्तर सापडलं, त्याचा उपद्रव पुढं झाला.

मी आणि ती अध्यक्षांकडे गेलो. समारंभ रद्द करा, अहवाल वापरता येणार नाही, मालात हळद पडली आहे, असं मी सरळ सांगितलं. एखादा संस्थाचालक रागावतो, आदळआपट करतो. आमचे अध्यक्ष आनंदानं खुर्चीतून उठले.

‘हळद! अहो मॅडम, मग हे आधी नाही का सांगायचं? चुंबक लोकांना कळत नाही. हळद कळते!’ त्यांनी तिथल्या तिथं फोन करून नवे फ्लेक्स सांगितले. मग माझ्या विद्यार्थिनीकडे वळून अगदी वडीलकीच्या सुरात म्हणाले, ‘बेटा, एक लक्षात ठेव. पडली म्हणायचं नाही. सुचली म्हणायचं.’

‘सर, मला सुचली नाही. मला दिसलीसुद्धा नाही.’

‘मोठे शोध असेच लागतात.’

‘लागलेला नाही, सर. सांडलाय.’

अध्यक्ष हसले. त्यांचं हसू चांगलं आहे; फ्लेक्सवर तेच असतं. ‘तुझी मुदत मार्चमध्ये संपते ना?’ एवढंच त्यांनी विचारलं, आणि चहा मागवला. पडली आणि सुचली, या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत किती माणसांच्या नोकऱ्या असतात, याचा हिशेब मराठी व्याकरणवाल्यांनी अजून केलेला नाही.

समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. हळदीच्या रंगाचा मांडव होता. प्राध्यापिकांना पिवळ्या साड्यांची विनंती होती, म्हणजे हुकूम होता. मी राखाडी नेसून गेले आणि मला शेवटच्या रांगेत बसवण्यात आलं, तिथून उलट बरं दिसत होतं. पुढच्या रांगेत माझ्या विद्यार्थिनीची आई बसली होती. स्वागत, सत्कार, सत्कारास उत्तर, उत्तरास टाळ्या, असं बराच वेळ चाललं. मग तिला माइकपाशी बोलावलं.

ती कागद न घेता बोलली. ‘ही खेप खराब आहे,’ तिनं सुरुवातच अशी केली. ‘खंडेनवमीला मोटरवरची हळद यात पडली. मला सुचली नाही. पडली. त्यामुळे पेशी कशानं जगल्या ते मी सांगू शकत नाही. पटत नसेल तर बघा.’ आणि तिनं बाटली उंच धरली, चुंबक लावला, पाणी मोकळं झाल्यावर त्यात कॉस्टिक सोडलं.

पाणी लाल झालं.

मग पुढच्या रांगेतून तिच्या आईचाच आवाज आला, ‘अगं बया, कुंकू!’

आणि मांडव कोसळेल एवढ्या टाळ्या पडल्या. काही बायकांनी हात जोडले. अध्यक्षांनी माइक घेतला आणि मुलीच्या विनयाचं कौतुक केलं. एवढा मोठा शोध लावूनही ती श्रेय परंपरेला देते, पूजेला देते, यातच तिचे संस्कार दिसतात, वगैरे. उद्योगपतींनी हा माल घरोघरी पोचवायची इच्छा बोलून दाखवली. तिनं पुन्हा एकदा ‘पण तसं नाही’ म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात तिच्या अंगावर शाल आली. आपल्याकडे माणसाला गप्प करायला शालीइतकं परिणामकारक वस्त्र दुसरं नाही. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात फोटो आला: चिखलीच्या कन्येला सापडला हळदीचा चुंबक.

आजवर मी खोटं बोलून टाळ्या मिळवणारे पुष्कळ पाहिले होते. खरं बोलून इतक्या टाळ्या मिळवणारी आणि तरीही कुणालाच न पटलेली, ही पहिलीच.

संध्याकाळी आम्ही स्पाइन रोडच्या कडेला चहा घ्यायला थांबलो. शाल तिनं घडी करून स्कूटरच्या डिकीत टाकली होती.

‘आई म्हणायली, तू एवढी चिडलीस कशाला, लोक तर खूष आहेत,’ ती म्हणाली.

‘मग?’

‘मग काय. ते प्रकरण काढते, मॅडम. पेशींचं सगळंच काढते. कण बनवणं आणि चुंबक, एवढं खणखणीत आहे माझं. त्यात कुणाचं बोट लागलेलं नाही.’

‘जुन्या खेपांच्या चाचण्यासुद्धा काढणार?’

‘त्या अर्ध्याच आहेत. अर्ध्यावर प्रकरण कसं लिहू?’

‘मग नावातलं वैद्यकीयही काढावं लागेल.’

‘काढू.’

ती ते ज्या सहजतेनं म्हणाली, तेवढ्या सहज ते निघत नव्हतं. प्रबंधाचं शीर्षक बदलायचं तर विद्यापीठाच्या समितीची मंजुरी हवी, आणि त्याआधी संस्थेची संमती हवी. संमती म्हणजे अध्यक्षांची सही. समितीचं काम त्या मानानं सोपं गेलं. एका सदस्यांनी विचारलं, ‘वैद्यकीय काढलं तर उरतं काय?’ ती म्हणाली, ‘चुंबक उरतो, सर.’ त्यावर बाकीचे हसले आणि संस्थेची संमती आणा, मग मंजूर, असं ठरलं.

अध्यक्ष मात्र सही करेनात. फेब्रुवारी तसाच सरत चालला. ‘हळदीचं प्रकरण ठेवा, सही घ्या,’ हा त्यांचा धोशा. फाटकावर त्यांच्या फोटोची आणि हळदीच्या शोधाची एवढी मोठी कमान उभारलेली, आणि आत प्रबंधात हळद नाही, हे त्यांना कसं पटावं? ती रोज तास घ्यायची, प्रकरणं लिहायची आणि त्यांच्या केबिनबाहेर बसून परत यायची. तक्रार करत नव्हती. फक्त आमच्याकडच्या जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायची बंद झाली होती. ते मला दिसत होतं.

याच काळात मामांचं उत्तर पिकून तयार झालं होतं. सबंध मोशीत त्यांनी सांगून टाकलं होतं, की शोध आपलाच आहे. पारावर त्यांचा सत्कार झाला. एकदा कॉरिडॉरमध्ये त्यांनी मला अडवलं. ‘म्याडम, त्या पुस्तकात माजंबी नाव येनार न्हवं? हळद कुनी लावली? आमी लावली.’

मला रस्ता दिसला. मी त्यांना म्हणाले, ‘मामा, हे तुम्ही साहेबांनाच विचारा.’ आणि त्यांच्या मागोमाग मीही केबिनमध्ये गेले.

मामांनी आपली मागणी मांडली. मी गंभीर चेहऱ्यानं तिला दुजोरा दिला. मी म्हणाले, हळदीचं प्रकरण ठेवायचं असेल तर परीक्षक विचारणारच, हळद कुणी, केव्हा, कशी घातली. ते लिहावं लागेल. मग शोधाचं श्रेय मामांचं. आणि ते श्रेय मामांचं म्हटल्यावर कमानीवर त्यांचा फोटो साहेबांच्या शेजारी घ्यावा लागेल, तोही सारख्याच आकाराचा; संशोधनाच्या क्षेत्रात असाच रिवाज आहे.

‘जमीन आमच्या चुलत्याची, हळद आमची,’ मामा खुर्चीवर न बसता, पण बसल्याच्या सुरात म्हणाले. ‘फोटू तर पायजेच.’

अध्यक्षांनी मामांकडे पाहिलं. मग खिडकीतून कमानीकडे पाहिलं. भंगाराच्या धंद्यातल्या माणसाला कोणता माल कधी टाकून द्यायचा ते बरोबर कळतं. ‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘विज्ञानात शुद्धता महत्त्वाची. अशी पडलेलीबिडलेली हळद प्रबंधात नको.’ आणि त्यांनी सही केली. पडणं हे क्रियापद त्यांनी आपणहून वापरलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मामा माझ्यावर महिनाभर रुसले होते. त्यांचंही काही चूक नव्हतं.

प्रबंध मार्च संपायच्या आत गेला. तोंडी परीक्षा पावसाळ्यात झाली. बाहेरच्या विद्यापीठाचे एक परीक्षक आले, किडकिडीत आणि कमी बोलणारे. सभागृहात प्राध्यापक, चार विद्यार्थी, तिचे आईवडील आणि अध्यक्ष. परीक्षकांनी कणांचा आकार विचारला, तो कसा मोजला ते विचारलं, तापमान बदललं तर विसराळूपणाचं काय होतं ते विचारलं. तिनं उत्तरं दिली. एकदा अडखळली, फळ्यावर जाऊन आकृती काढली, मग जमलं. त्यांनी शेवटचं पान उलटलं.

‘यात कुठं वैद्यकीय उपयोगाचा उल्लेख नाही. या विषयावर येणाऱ्या प्रत्येक प्रबंधात असतो. तुमच्या कणांचा नाही का उपयोग?’

अध्यक्ष खुर्चीत पुढं सरकले.

‘अजून नाही, सर,’ ती म्हणाली. ‘पेशींवरच्या चाचण्या केल्या होत्या, पण माल शुद्ध राहिला नाही. माझ्या हातून तेवढं झालं नाही. जे झालं तेवढंच लिहिलंय.’

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि अहवालावर बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. मग उठून तिला हात जोडून नमस्कार केला आणि ‘अभिनंदन, डॉक्टर’ म्हणाले. अध्यक्षांनी टाळ्या सुरू केल्या. त्या कशासाठी होत्या हे त्यांनाही माहीत नसावं, पण या खेपेला चुकीच्या ठिकाणी पडल्या नाहीत.

बाहेर तिची आई माझ्यापाशी आली. पदर नीट करत, दबक्या आवाजात तिनं विचारलं, ‘बाई, झाली ना पास?’

‘झाली.’

‘कशात झाली? औषधात?’

‘नाही हो. चुंबकात.’

तिनं थोडा विचार केला आणि तिचा चेहरा मोकळा झाला. ‘बरं झालं बाई,’ ती म्हणाली. ‘औषधात झाली असती तर गावाकडचं समदं पाहुणं दारात आलं असतं, आन् ही एकेकाला नाही म्हणत बसली असती. तिला खोटं कुठं बोलता येतंय?’